स्मरणरंजनाचा अधिकार : चिमणराव, टिपरे आणि हिर्डोशी

१

‘तसा विनोद आता होत नाही’ हे वाक्य मराठी दूरचित्रवाणीविषयीच्या बोलण्यात इतक्या वेळा ऐकू येते की विधान म्हणून त्याची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. तो एक उसासा मानला जातो, आणि उसाशाला पुरावा मागणे असभ्यपणाचे ठरते. तरीही या उसाशात एक दावा आहे. जुनी मालिका श्रेष्ठ होती, एवढ्यावर तो थांबत नाही. ती ‘आमची’ होती असेही तो सांगतो, आणि हा दुसरा दावा पहिल्याच्या आड सुरक्षित राहतो. मालिकेच्या गुणवत्तेविषयी मतभेद संभवतो, आठवणीविषयी तो संभवत नाही. ज्याला आठवत नाही त्याने गप्प बसावे, असा स्मरणरंजनाचा अलिखित नियम आहे.

एखाद्या कलाकृतीसाठी हळहळण्याचा अधिकार कोणाचा, आणि ती कलाकृती पुन्हा दाखवली जाते तेव्हा या अधिकाराला पुष्टी मिळते की छेद जातो, हा प्रश्न मराठीत अमूर्तपणे विचारण्याचे कारण नाही. एकाच नटाच्या दोन मालिकांनी तो मूर्त करून ठेवला आहे.

चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली ‘चिमणराव’ ही मालिका मुंबई दूरदर्शनने १९७७ ते १९७९ या काळात दाखवली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कृष्णधवल पडदा, स्टुडिओत उभारलेले घर, आणि पडद्यासमोर निम्मी चाळ. पुढे सुमारे बावीस-चोवीस वर्षांनी, २००१ साली, त्याच प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या रोजनिशीच्या रूपातील लेखनावरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे होते. प्रभावळकर आता आबा, म्हणजे घरातले आजोबा झाले होते. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम आणि रेश्मा नाईक यांनी उरलेले घर उभे केले. मालिका काही वर्षे चालली, संपली, आणि त्यानंतर ती संपलीच नाही : पुनःप्रक्षेपणांतून आणि पुढे इंटरनेटवरून ती आजही कोणालाही, केव्हाही पाहता येते.

‘चिमणराव’ची गोष्ट वेगळी झाली. त्या काळी चित्रफीत महाग होती. कार्यक्रम होऊन गेला की तीच फीत पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरणे ही जगभरच्या प्रक्षेपणसंस्थांची रुळलेली रीत होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही १९६०च्या दशकातील आपले कितीतरी विनोदी कार्यक्रम असेच गमावले. ‘डॅड्स आर्मी’ या तिच्या अत्यंत लोकप्रिय मालिकेचे काही भाग अद्याप सापडलेले नाहीत. उलट अमेरिकेत ‘आय लव्ह ल्यूसी’ ही मालिका १९५१ पासून चित्रपटाच्या फिल्मवर चित्रित होत असल्याने टिकली, आणि पुनःप्रक्षेपण ही व्यवस्था तिथे उभी राहण्यामागे हे एक मोठे कारण ठरले. म्हणजे कोणती मालिका ‘अभिजात’ म्हणून पुढच्या पिढीकडे जाणार याचा निर्णय काही वेळा साठवणुकीच्या साहित्याने केला आहे, रसिकांनी नव्हे. ‘चिमणराव’चे बहुतेक भाग पुसले गेले. उरले ते मोजके.

तर एका बाजूला जिची प्रत जवळजवळ नाही आणि स्मरण आहे अशी मालिका. दुसऱ्या बाजूला जिची प्रत इतकी सुलभ आहे की स्मरणाला काही काम उरलेले नाही अशी मालिका. सामान्य समज असा की पहिलीविषयीची हळहळ शुद्ध आणि करुण, तर दुसरीचे वारंवार दर्शन हे स्मरणाचा व्यापार. या समजाला हिर्डोशीतून पाहिले तर तो उलटा दिसू लागतो.

२

हिर्डोशीकडे वळण्यापूर्वी विनोद आणि हळहळ यांच्या नात्याचा थोडा विचार करणे अवश्य आहे, कारण ही दोन्ही एका घरात सुखाने नांदतात हे गृहीतकच शंकास्पद आहे. बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने हास्यावरील आपल्या १९०० सालच्या विवेचनात असे मानले आहे की हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिर व्हावे लागते. ज्याच्याविषयी आपल्याला दाटून आले आहे त्याला आपण हसू शकत नाही. हे मत सर्वस्वी मान्य करण्याचे कारण नाही, चिं. वि. जोशी यांचाच विनोद त्याला पुरता अपवाद ठरावा इतका मायाळू आहे. तथापि त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. ज्या मालिकेच्या पहिल्या सुरावटीनेच प्रेक्षकाचा कंठ दाटतो, तिला तो हसत असतो असे म्हणणे कठीण आहे. तो हसला होता, हे त्याला आठवत असते.

चिमणरावाच्या बाबतीत हा पालट कालक्रमाने पाहता येतो. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ साली आणि ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी चिमणराव हा वाचकाचा समकालीन होता : भित्रा, पापभीरू, प्रतिष्ठेला जपणारा, संकट आले की गुंड्याभाऊच्या सोट्याआड लपणारा पांढरपेशा. काऊ, मोरू, मैना ही माणसे शेजारच्या बिऱ्हाडातली वाटावीत अशी होती. लेखक ज्या वर्गात राहत होता त्याच वर्गाला, त्याच्या समोर, त्याच्याच भाषेत तो हसत होता. या विनोदाला दंश होता. तो प्रेमळ होता म्हणून कमी बोचत होता इतकेच. १९४० च्या ‘लग्न पहावं करून’ आणि १९४२ च्या ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटांत दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर आणली तेव्हाही ती जोडी वर्तमानातलीच होती.

१९७७ साली मात्र चिमणराव परतला तो पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या पुण्यातून. ज्यांनी तो छोट्या पडद्यावर पाहिला त्यांच्यापैकी अनेकांसाठी तो आजोबांचा काळ होता. टोपी, धोतर, बिऱ्हाड, स्टेशनावरचा टांगा या गोष्टी आता स्वतःच गोड झाल्या होत्या. म्हणजे आज जिच्यासाठी हळहळ व्यक्त होते ती मालिका निर्माण होतानाच अंशतः हळहळीची वस्तू होती. स्मरणरंजनाचे असे थरावर थर बसत जातात आणि तळाशी असलेला दंश नाहीसा होतो. कारकुनी भित्रेपणा हे आपले व्यंग होते हे विसरून ते आपले निरागसपण होते असे मानण्याची सोय होते. उपहासाचे लोणचे जसजसे मुरते तसतशी त्यातली तिखट मिरची मवाळ होते. खाणाऱ्याला ती आवडते, पण ती मिरची आहे हे त्याला सांगावे लागते.

पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ या १९५८ च्या पुस्तकाचा शेवट ‘एक चिंतन’ने केला. मराठी विनोदाला हळहळीकडे नेणारी ती वाट अनेकांना इतकी भावली की विनोदाने शेवटी भरून यावे अशी अपेक्षाच रूढ झाली. चाळीला हसण्याचे पान आधी होते, हे पुष्कळदा विसरले जाते.

शब्दांकडेही येथे पाहावे लागते. मराठीत या भावनेसाठी ‘स्मरणरंजन’ हा शब्द सर्वाधिक रुळला. ‘गतकातरता’ त्याच्या मागून चालतो. पहिल्यात सुख आहे, दुसऱ्यात व्याकुळता. मूळ युरोपीय संज्ञा योहानेस होफर या स्विस वैद्याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडवली, ती घरी परतण्याच्या वेदनेसाठी. तो एक आजार मानला गेला होता आणि रोगी होते ते गाव सोडून परक्या मुलखात शिक्षणासाठी, चाकरीसाठी, सैन्यात गेलेले तरुण. पुढच्या शतकांत हा आजार पांगत पांगत अवकाशातून काळात गेला : ज्या गावी जाता येत नाही ते गाव मागे पडले आणि ज्या काळात जाता येत नाही तो काळ पुढे आला. या संक्रमणाचा अभ्यास झालेला आहे. स्वेतलाना बॉयम यांचे २००१ चे पुस्तक त्यात महत्त्वाचे आहे. मात्र त्याची एक वर्गीय बाजूही नोंदवली पाहिजे. विस्थापिताच्या दुखण्याचे नाव स्थायिकाच्या करमणुकीला मिळाले. ज्याचे घर जागच्या जागी आहे, ज्याच्या भिंतीवर संच टांगलेला आहे, तो संध्याकाळी आरामखुर्चीत बसून गतकातर होतो.

३

हिर्डोशी हे पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील गाव. भोरहून महाडकडे जाणारी वाट वरंध घाटाच्या दिशेने जाते, त्या वाटेवर, नीरा नदीच्या वरच्या खोऱ्यात ते आहे. मराठी मनात हा मुलूख शिरतो तो इतिहासाच्या दाराने : हिरडस मावळ, बांदल देशमुख, बाजी प्रभू, १६६० ची खिंड. म्हणजे हळहळीचा आणि अभिमानाचा विषय म्हणून हा प्रदेश मराठी साहित्यात भरपूर आहे. तेथील माणूस स्वतः कशासाठी हळहळत असेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. जो प्रदेश दुसऱ्यांच्या स्मरणाची वस्तू होतो त्याला स्मरणाचा कर्ता होणे अवघड जाते.

येथे थोडे भूगोलाचे आणि थोडे पदार्थविज्ञानाचे भान ठेवले पाहिजे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे शहर त्याच्या कक्षेत आले. पुणेकरांच्या ‘चिमणराव’च्या आठवणी त्या मनोऱ्याच्या आहेत. परंतु या लहरी सरळ रेषेत जातात; डोंगर आडवा आला की त्या थांबतात, निदान क्षीण होतात. सिंहगड आणि नीरेचे वरचे खोरे यांच्यामध्ये राजगड-तोरण्याच्या रांगा उभ्या आहेत. ज्या राजगडाने एके काळी या मावळांना राजधानी दिली तोच येथे आडवा येतो, हा योगायोग इतिहासप्रेमी मनाला खटकेल. पण लहरींना इतिहास नसतो. त्यात १९७७ साली दूरचित्रवाणी संच ही शहरातल्या मध्यमवर्गालाही सहज परवडणारी वस्तू नव्हती. मावळातील डोंगराळ गावच्या घरात तो असण्याचा आणि त्यावर स्वच्छ चित्र येण्याचा प्रश्न फारसा उद्‌भवत नाही.

म्हणजे ‘सगळा महाराष्ट्र चिमणराव बघायला बसायचा’ या लाडक्या वाक्यातील ‘सगळा महाराष्ट्र’ सिंहगडाच्या या बाजूचा आहे. हे वाक्य उच्चारणाऱ्याला खोटे बोलायचे नसते. त्याच्या डोळ्यांसमोर शेजारच्या घरात दाटीवाटीने बसलेली माणसे असतात आणि ती दाटी त्याला सर्वसमावेशक वाटते. पण त्या दाटीतही खुर्चीवर कोण होते, जमिनीवर कोण, आणि खिडकीच्या गजांना धरून बाहेरून कोण पाहत होते याचा क्रम होता. ज्याला घरातून ‘आज नको, पाहुणे आहेत’ असे सांगितले जाई, त्याच्याही आठवणीत ती मालिका आहे. त्याच्या आठवणीत ती अर्धी आहे. स्मरणरंजन या अर्ध्या आठवणींना सामावून घेत नाही, कारण त्यांत रंजन कमी असते.

मुंबईशी या खोऱ्याचा संबंध नाही असेही नाही. सह्याद्रीच्या या मावळांतून रोजगारासाठी मुंबई-पुण्याकडे जाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. तेव्हा या गावांतील एखाद्या माणसाने ‘चिमणराव’ मुंबईतच, कामाच्या ठिकाणच्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून पाहिला असणे अशक्य नाही. पण असे पाहणे चिमणरावाच्या बाजूचे नसते. चिमणरावाच्या घरात जो पाणी भरतो, ओझे वाहतो, दूध पोचवतो, त्याच्या बाजूचे ते पाहणे आहे. त्याला चिमणरावाचा भित्रेपणा अधिक गमतीदार वाटला असेल, कारण त्याला तो रोज प्रत्यक्षात दिसत होता. बर्गसाँला अभिप्रेत असलेले हृदयाचे बधिरपण त्याच्याकडे तयारच होते. चिमणरावाला खऱ्या अर्थाने हसला असेल तर तो हाच प्रेक्षक, आणि त्याच्या हसण्याची नोंद कुठेही नाही.

पुढे नीरा-देवघर धरण झाले आणि त्याच्या जलाशयाने या खोऱ्यातील शेते आणि वस्त्या पाण्याखाली घेतल्या. पुनर्वसनाच्या तत्त्वाप्रमाणे पर्यायी जमीन लाभक्षेत्रात, म्हणजे दूर पूर्वेकडच्या सपाट मुलखात द्यायची असते. होफरने ज्याला आजार म्हटले होते तो आजार येथे अक्षरशः संभवतो : ज्या गावी परतायचे ते गावच पाण्यात. या माणसांना जुन्या मालिकेविषयी काय वाटते हा प्रश्न अशा वेळी क्षुल्लक वाटू शकेल. परंतु तो क्षुल्लक नाही. ज्यांचे वास्तव घर गेले त्यांना मराठी संस्कृतीच्या सामायिक घरात तरी जागा आहे की नाही, असा तो प्रश्न आहे. ‘आपल्या लहानपणचा विनोद’ असे म्हणताना त्या ‘आपल्या’त त्यांना बसवायचे झाले तर कोणती खुर्ची द्यायची?

४

या खोऱ्यात चित्र स्वच्छ येऊ लागले ते आकाशातून. १९९० च्या दशकात उपग्रहवाहिन्या आल्या, १९९९ साली अल्फा मराठी सुरू झाली, आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची थेट घरी उतरणारी सेवा सुरू झाल्यावर कौलावर बसवलेली तबकडी ही डोंगराळ गावांतील सामान्य गोष्ट होऊ लागली. वरून उतरणारी लहर डोंगराचा अडथळा मानत नाही. अशा घरात तबकडी आली त्या सुमारास ‘टिपरे’चे पहिले प्रक्षेपण संपत तरी आले होते किंवा संपले होते. तेव्हा अशा घराने ‘टिपरे’ पाहिली असेल तर बहुधा पुनःप्रक्षेपणातच. त्याचे पहिले पाहणे हेच इतरांचे दुसरे किंवा दहावे पाहणे.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. मुंबईतील ज्या कुटुंबाने २००१ मध्ये दर आठवड्याला ‘टिपरे’ पाहिली त्याला पुनःप्रक्षेपणात आपला गेलेला काळ दिसतो : तेव्हाची जागा, तेव्हाचा फोन, तेव्हा हयात असलेले आजोबा. हिर्डोशीच्या घराला त्यात काहीच ‘गेलेले’ दिसत नाही. त्याला दिसतो एक म्हातारा माणूस, जो मुलासुनेच्या संसारात आपली जागा राखू पाहतो आणि नातवंडांच्या जगात चुकतमाकत शिरतो. हा प्रेक्षक हसला तर विनोदाला हसतो. त्याला कंटाळा आला तर तो वाहिनी बदलतो. त्याच्या हसण्यात कर्जफेड नाही आणि कंटाळण्यात कृतघ्नता नाही. अभिजाततेची कसोटी काळ घेतो असे समीक्षेत नेहमी म्हटले जाते. पण काळ स्वतः काही पाहत नाही. कसोटी घेतो तो असा, आठवण नसलेला प्रेक्षक.

यावरून पुनःप्रक्षेपणाविषयीची प्रचलित तक्रार उलट बाजूने वाचता येते. ते स्मरणाचे अवमूल्यन करते, दुर्मिळाला स्वस्त करते, अशी ती तक्रार आहे. वाल्टर बेन्यामिनच्या १९३० च्या दशकातील विवेचनाचा आधार तिला अनेकदा दिला जातो, पण तोच बेन्यामिन कलावस्तूचे तेजोवलय सुटण्यात मुक्तीची शक्यताही पाहत होता हे त्या वेळी बाजूला राहते. पुनःप्रक्षेपण स्मरणरंजनाची मक्तेदारी मोडते. जे ‘आमचे’ होते ते सर्वांपुढे ठेवले जाते, आणि ज्याला आठवत नाही त्यालाही बोलण्याचा अधिकार मिळतो.

वाहिन्या हे न्यायबुद्धीने करतात असे कोणी मानू नये. पुनःप्रक्षेपण स्वस्त पडते. नवा भाग करण्यापेक्षा जुना भाग दाखवून जाहिराती मिळवणे सोपे असते. २०२० च्या टाळेबंदीत नवे चित्रण थांबले तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’, ‘महाभारत’ आणि त्यांच्याबरोबर ‘श्रीमान श्रीमती’, ‘देख भाई देख’ अशा जुन्या हिंदी विनोदी मालिका काढल्या, त्याही गरजेपोटी. हेतू व्यापारी किंवा अगतिक असला तरी परिणामाचे नैतिक मूल्य वेगळे राहू शकते. कालवा ज्या कारणाने खोदला जातो त्याच कारणाने त्याचे पाणी प्यावे असे बंधन नसते. (पाण्याचा दृष्टान्त हिर्डोशीच्या संदर्भात काहीसा क्रूर आहे, कारण तेथील धरणाचा कालवा तेथल्यांसाठी नाही. दृष्टान्ताची ही मर्यादा लक्षात ठेवावी.)

यापेक्षा गंभीर आक्षेप असा : मुंबईच्या सदनिकेतील सुखवस्तू कुटुंबाची कहाणी मावळातील घराला पुन्हापुन्हा दाखवणे यात सांस्कृतिक वर्चस्वच नाही का? टिपऱ्यांची भाषा मावळी बोली नव्हे. त्यांच्या अडचणी शेतीच्या, पावसाच्या, बंद पडलेल्या घाटरस्त्याच्या नव्हेत. ज्यांना पहिल्या वेळी बोलावले नाही त्यांना उरलेले ताट वाढण्यासारखे हे आहे. आक्षेपात तथ्य आहे आणि तो पूर्णपणे परतवता येत नाही. हिर्डोशीचा स्वतःचा विनोद, तेथील बोलीतला, जत्रेतल्या सोंगांतला, दूरचित्रवाणीने कधी शिरोधार्य मानला नाही. त्याची फीत पुसली गेली नाही, कारण ती काढलीच नव्हती. तरीही ताटाच्या उपमेत एक गृहीतक लपले आहे, की वाढणारा आणि जेवणारा यांचे नाते दयेचे आहे. प्रेक्षक हा असा याचक नसतो. तो अर्थ लावतो, नाकारतो, भलत्याच जागी हसतो. टिपऱ्यांच्या घरातील म्हातारा सुनेपुढे जसा वागतो त्याला मावळातली सून तिच्या घरच्या अनुभवाने हसेल आणि ते हसणे मालिकाकर्त्यांच्या अपेक्षेत नसेल.

आणखी एक गोष्ट. पुन्हा पाहणे म्हणजे मागे वळून पाहणे, हे समीकरण मुळात शहरी आणि छापील संस्कृतीचे आहे. कीर्तनातले आख्यान श्रोत्याला आधीच ठाऊक असते, सप्ताहातला अभंग पाठ असतो. तरी त्या ऐकण्यात गतकाळाची ओढ नसते. ते आजच्या रात्रीचे ऐकणे असते. नाटकाच्या शंभराव्या प्रयोगालाही ‘प्रयोग’च म्हणतात, पुनरावृत्ती नव्हे. पुनःप्रक्षेपणात फरक एवढाच की तेथे नट बदलत नाही. आबा टिपरे म्हातारे होत नाहीत; पाहणारा होतो. पण पुनरावृत्तीतून वर्तमान घडवण्याची सवय ज्या समाजाला कीर्तनाने आणि तमाशाने लावली आहे, त्याला ही मालिका हळहळीशिवाय पुन्हापुन्हा पाहणे अवघड नाही. शहरी समीक्षेला ते अवघड वाटते म्हणून ती ‘त्याच त्या मालिका’ असे कुरकुरते.

न पाहिलेल्या गोष्टीची ओढ लागू शकते का, हा उरलेला प्रश्न. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो, प्रिय व्यक्तीचा विरह नसताना हे मन का व्याकुळ झाले हे त्याला कळत नाही, आणि ही ओढ जन्मांतरीच्या अजाणत्या स्मरणाची असावी असे तो मानतो. अभिनवगुप्ताने रसाच्या विवेचनात या श्लोकाकडे लक्ष वेधले आहे. ज्याचा विषय माहीत नाही असे स्मरण आस्वादाच्या मुळाशी असते, असा विचार त्यामागे आहे. दुष्यंताच्या बाबतीत अर्थात विषय होता. तो शापामुळे पुसला गेला होता. येथे ‘चिमणराव’ची पुसलेली फीत आठवते, पण साम्य फसवे आहे. दुष्यंताने शकुंतलेला पाहिले होते. हिर्डोशीने चिमणराव पाहिलाच नाही. मुंबई-पुण्याच्या आठवणी वाचून, ऐकून तेथल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ‘चिमणराव’विषयी हुरहूर वाटू लागली तर ती हुरहूर कोणाची म्हणायची? ती उसनी आहे. आणि उसन्या हुरहुरीची परीक्षा घेण्याचे साधन, म्हणजे ती मालिका स्वतः, आता जवळजवळ नाही.

पुसलेल्या फितींविषयीचा शोक येथे वेगळा वळतो. आजवर तो ज्यांना आठवते त्यांनी केला. वास्तविक त्यांचे फारसे गेलेले नाही. त्यांच्याकडे प्रभावळकरांची ती बावरलेली मान, कर्व्यांचा तो आवाज शिल्लक आहे. किंबहुना फीत नसल्याने त्या आठवणीला कोणी आव्हान देऊ शकत नाही आणि ती वर्षागणिक सुंदर होत जाते. हानी झाली ती डोंगराच्या पलीकडच्यांची. चि. विं.चे पुस्तक त्यांना मिळू शकते, १९७९ चा ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही आहे. पण जिची थोरवी त्यांना ऐकवली जाते ती मालिका पाहून ‘हो, खरेच’ किंवा ‘छे, इतके काही नाही’ असे म्हणण्याची शक्यता त्यांच्याकडून काढून घेतली गेली. त्यांना केवळ विश्वास ठेवण्याची मुभा आहे. विनोदाच्या बाबतीत विश्वासावर जगणे ही विचित्र शिक्षा आहे. जो विनोद ऐकवलाच नाही त्याला हसण्याची आज्ञा होते.

चि. वि. जोशी हे पाली भाषेचे अभ्यासक आणि बडोद्यात प्राध्यापक होते, जातककथांचा परिचय त्यांनी मराठी वाचकाला करून दिला, हे त्यांच्या विनोदाच्या चर्चेत सहसा तळटीपेपुरते येते. जातकाची रचना येथे उपयोगी पडते. आधी वर्तमानातला प्रसंग, मग त्या निमित्ताने सांगितलेली अतीताची गोष्ट, आणि शेवटी ‘समोधान’ : त्या वेळचा राजा तो आजचा अमुक, त्या वेळचे माकड ते आजचे तमुक. जुनी गोष्ट काढायची ती समोर बसलेल्याला ओळखण्यासाठी. ती काढणाऱ्याला गेल्या जन्मात परतायचे नसते, आणि ऐकणाऱ्याला त्या जन्माची आठवण असावी अशी अटही नसते. शंभर जन्मांपूर्वीच्या गोष्टीत आपले नाव निघते तेव्हा तो दचकतो.

१९३२ चा चिमणराव असाच दचकवणारा होता. ‘चिमणराव’चे जे मोजके भाग शिल्लक आहेत ते आठवणींच्या कार्यक्रमांना शोभा आणण्यासाठी न ठेवता, ज्यांना आठवण नाही अशा प्रेक्षकांसमोर, भोरसारख्या तालुक्याच्या गावी किंवा घाटाच्या अलीकडच्या शाळेत, कोणत्याही प्रास्ताविकाशिवाय लावले, तर तेथे कोण कोणाला ओळखेल हे आधी सांगता येत नाही. कदाचित मागच्या रांगेतला एखादा मुलगा चिमणरावाकडे पाहून आपल्या शिक्षकाचे नाव घेईल. कदाचित कोणीच हसणार नाही.